धूर दिसला पाहिजे

कार्तिक शुद्ध द्वितीया, फसली १३४३
काल धावड्याहून बैलगाडीनं कसब्यात आलो. एवढं मोठं घर, अन् भाडं न्हाई! घराचे मालक गोपीकिशनशेठ हैदराबादेला राहायला गेलेत. घर रिकामं पडलं की कसब्याची कमिटी ते पाडून जागा सरकारजमा करते, असा इथला कायदा. म्हणून शेठच्या मुनीमजींनी आम्हा नवराबायकोला ठेवलं. ओटा सारवायचा, भिंती लिंपायच्या अन् रोज सकाळी चूल पेटवायची. कमिटीचा दरोगा रस्त्यावरूनच बघतो. धाब्याच्या छतावर धूर दिसला की घर नांदतं. खिडकी एकही न्हाई, उजेड येतो तो धाब्यातल्या धुराच्या भोकातून. हे हसून म्हणाले, "तुळजे, तुला स्वैपाक करायचा पगार मिळून राह्यला!" दादानं लिहायला शिकवलं, ते आता कामाला येईल.

कार्तिक शुद्ध एकादशी
पांढऱ्या मातीनं भिंती लिंपल्या. दरोगा भुजंगराव आल्ते. ओट्यावरून बोट फिरवलं, बराबर आहे म्हणाले. समोरच्या साळूमावशीला कुंकवाला बोलावलं, पण ती उंबऱ्याच्या आत आली न्हाई. म्हणाली, आधीची बाईपण छान सारवायची. ती कुठं गेली, असं विचारलं तर पदर सावरून निघून गेली.

मार्गशीर्ष वद्य पंचमी
यांनी संक्रांतीला धावड्याला जायची रजा मागितली. मुनीमजी न्हाई म्हणाले. मी एकटी जाते, हे राहतील, असं म्हटलं. तेही नको. एक गेलं की दुसरं टिकत न्हाई, असा त्यांचा अनुभव म्हणे. संध्याकाळी दाराला बाहेरून कुलूप लावलं. चोरांसाठी, म्हणाले.

पौष शुद्ध तृतीया
कुलूप आता दिवसाही असतं. पीठ, पाणी, गोवऱ्या वरच्या भोकातून दोरानं सोडतात. बाहेरचा ओटा साळूमावशी सारवते, तिच्या बांगड्या ऐकू येतात. आज दरोगा आले. आम्ही दार बडवून सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं. मंग म्हणाले, "कमिटीला घर नांदतं पाह्यजे. कुलूप कुणी लावलं ते आम्ही बघत न्हाई." जाताना मुनीमजींना म्हणाले, उजवीकडचा कोपरा उखणलाय, लिंपून घ्या.

पौष शुद्ध नवमी
हे दोर धरून वर चढले. भोकाच्या कडेला हात पोचला होता. वर मुनीमजी उभे होते. त्यांनी विचारलं, "धर्मराज, तू गेल्यावर खाली कोण राहील?" अन् दोर कापला.
यांची कंबर मोडली. दिवसभर ओरडले. सगळ्या गल्लीनं ऐकलं असंल.

पौष वद्य प्रतिपदा
हे गेले. पाणी मागता मागता गेले.
मढं तरी न्या, म्हणून मी वर तोंड करून ओरडले. मुनीमजी म्हणाले, एका माणसानंही घर नांदतं. न्हाणीत ठेव, चुना सोडतो.

पौष वद्य चतुर्थी
दरोगा आले. वास येतो म्हणाले. माणूस मेलाय, मी दारातून सांगितलं. दोनदा सांगितलं. ते मुनीमजींना म्हणाले, चुना कमी पडला.

पौष वद्य षष्ठी
आज चूल पेटवली न्हाई. धूर न्हाई म्हणजे घर रिकामं. रिकाम्या घराचं दार कमिटी फोडते. फोडू दे.

पौष वद्य सप्तमी
आजही न्हाई. मुनीमजी आधी गोड बोलले, मंग पाणी बंद केलं. जीभ सुजली. बाहेर दरोग्याचा आवाज — उद्या धूर न्हाई दिसला तर पहार आणतो, म्हणाले. उद्या —

अष्टमी
भोकातून पेटत्या गोवऱ्या टाकून राह्यले — वरून ओला पाला — सगळीकडं धूर. चूल न्हाई, मी न्हाई पेटवली —
दरोगा बाहेरच आहे. पहार आपटल्याचा आवाज आल्ता. आता थांबला.
"बिलकुल ठीक, धूर आहे," म्हणाला. मुनीमजी वरून म्हणतात, आता आत माणूस कशाला —
दाराच्या फटीला तोंड लावलंय. साळूमावशी फटीत शेण भरून —