अझूरसाठी प्रार्थना

आई, शोमरोन शहरातून तुझ्या थोरल्याचा दंडवत.

मी धडधाकट आहे, जेवतोही. तुझे गुडघे कसे आहेत? भूकंपात धाकट्या अझूरचं घर कोसळलं आणि तो गेला. त्याला खांद्यावर घेताना मी प्रार्थनेला सुरुवात केली, तर काकांनी माझं तोंड दाबलं. "गप! देवाचं नाव घेऊ नकोस. आपण उरलोय हे त्याला कळेल."

आपल्या तकोवा गावचा मेंढपाळ आमोस इथे येऊन हेच सांगायचा, की देवाला तुमची गाणी नकोत, गरिबाला न्याय द्या. नाहीतर देवाचं नाव घ्यायलाही भ्याल. लोक हसायचे, "जा बाबा, मेंढरं राख तुझी!"

अझूरला प्रार्थनेविनाच पुरलं. तू तिथे त्याच्यासाठी म्हण. माझं नाव मात्र त्यात घेऊ नकोस.

तुझा मुलगा