दिंडोरीची तांबडी वाईन

शिवाजी पेठ, कोल्हापूर
१२ डिसेंबर २००६

तीर्थरूप अप्पांस,
रुचिताचा साष्टांग नमस्कार.

मी बरी आहे. इथं थंडी चांगलीच पडली आहे. घरमालकीण तानाबाई म्हणतात, "जेवताना चारदा उठतीस, काय हरवलंय पोरी तुझं?" मी हसते आणि पुन्हा उठते.

पत्र दुकानाच्या पत्त्यावर पाठवते आहे. घरी आलं तर आई उघडेल.

काल तिचा फोन आला. "अप्पा म्हणत्यात नोकरी सोड, गडहिंग्लजला माघारी ये. कारण सांगत न्हाईत. नीट जेवत पण न्हाईत." ते कारण मला माहीत आहे.

कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते, हे मी खोटं सांगितलं होतं. दोन वर्षं मी हॉटेलात आहे. पाहुण्यांना वाईन वाढते, ती कशाबरोबर घ्यावी ते सांगते. त्यासाठी चव घ्यावी लागते. घेते आणि थुंकते. कधी कधी थुंकत नाही, हेही सांगून टाकते.

त्या रविवारच्या दुपारच्या जेवणासाठी मी आठ दिवस राबले होते. नाशिकजवळच्या दिंडोरीचे लोक त्यांची तांबडी वाईन घेऊन आले होते. शिराज नावाच्या काळ्या द्राक्षाची. वास पिकल्या जांभळासारखा, मागून मिरीचा ठसका, आणि जीभ जराशी आखडते. आमच्या मालकांना तिच्याबरोबर तांबडा रस्साच हवा होता. मी भांडले. एवढ्या तिखटावर ती वाईन नुसती जाळते, रश्श्याचीही चव जाते. शेवटी कमी तिखटाचं सुकं मटण ठरलं, आणि शाकाहारी लोकांना तीळ-शेंगदाण्याची भरली वांगी. दिंडोरीच्या साहेबांनी वांगी दोनदा मागून घेतली. मला इतका आनंद झाला होता, अप्पा! त्याच आनंदात मी सहा नंबरच्या टेबलाकडे वळले, आणि तिथं तुम्ही.

तुम्ही तर सांगलीला हळदीच्या सौद्याला गेला होता ना?

"घ्या की जयपालशेठ," तुमच्या शेजारी बसलेले हंबीरराव म्हणाले, "पोरगी चांगलं सांगतीया."

तुम्ही ग्लास पुढे केलात. मी ओतली. तुम्ही ग्लासाकडेच बघत विचारलंत, "कशाबरोबर घ्यायची?"

"वांग्याबरोबर घ्या, सर."

स्वतःच्या बापाला सर म्हणाले मी.

मग हंबीररावांनी विचारलं, "गाव कंचं गं तुझं?" मी गडहिंग्लज न म्हणता चंदगड सांगितलं. तुम्हाला वाचवायला. आणि तुम्ही सुटकेचा निःश्वास टाकलात. तो मला ऐकू आला.

तुम्ही प्यालात, याचं मला काही वाटत नाही. पण मी परकी झाले आणि तुम्हाला हायसं वाटलं, ते काही केल्या मनातून जात नाही. कामात लक्ष नाही, परवा दोन ग्लास फोडले.

दिंडोरीच्या साहेबांनी मला नोकरी देऊ केली आहे. मी हो म्हटलं आहे. एक जानेवारीला हजर व्हायचं आहे.

त्याआधी, या रविवारी सकाळच्या एसटीनं घरी येते. आईला माझं सगळं सांगणार आहे, तुमच्यासमोर. तुमचं सांगणार नाही. ते तुम्ही सांगायचं की नाही, तुम्ही ठरवा. आई रडेल, मला नाही नाही ते बोलेल. तेव्हा तिच्या शेजारी बसून होकाराची मान तेवढी हलवू नका, अप्पा. दुसरं काही मागत नाही.

तुमची मुलगी,
रुचिता