आवाज उंबऱ्याबाहेर

माय,

चौथीपर्यंतच शाळेत घातलंस, त्यामुळं अक्षर वाकडंतिकडं येणार, चालवून घे. माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं त्याला बरीच वर्षं झाली आणि मी अजून कण्हते. मोठ्यानं कण्हते. तुला ते आवडणार नाही हे ठाऊक असूनच लिहायला बसले.

आपल्या गावात ह्या रोगाला अंतर्गळ म्हणायचे, आणि तो पोती उचलणाऱ्या गड्यांनाच होतो असं समजायचे. मला झाला. मी लातुरात मेस चालवते, डॉक्टर व्हायला आलेल्या पोरापोरींची. तुझ्या वेळचं लातूर राहिलं नाही. गल्लीगल्लीत क्लास, घराघरात पोरं ठेवलेली, आणि सगळ्यांना दोन वेळा खायला लागतं. एक दिवस वरणाचं पातेलं शेगडीवरून उतरवताना उजव्या जांघेत काहीतरी सुटल्यागत झालं आणि लिंबाएवढी गाठ आली. नणंद नांदेडला राहते म्हणून ऑपरेशन तिकडं केलं. आत जाळी बसवली, डासांसाठी खिडकीला लावतो तसली. गाठ गेली, ते खरं. पण दुखणं बसलं ते उठलंच नाही. खाली बसून उठताना आतून कुणी चिमट्यात धरून ओढतं, मांडीपर्यंत मिरची लावल्यागत आग होते, आणि परकराची नाडी नेमकी त्याच जागेवर येते. म्हणून मी आता गाऊन घालते, बाजारात पण गाऊनवरच जाते. लोक बघतात. बघू दे.

परत त्याच डॉक्टरकडं गेले. त्यांनी सोनोग्राफी बघितली, म्हणाले, "जाळी जागेवर आहे, सगळं व्यवस्थित आहे. दुखायला काही कारणच नाही, ताई." मी म्हणलं, "कारण कुठं मागितलं मी? दुखणं काढा." बाहेर आल्यावर नणंद म्हणाली, "वैनी, डॉक्टरला असं बोलत असतेत व्हय? त्यांनी लई लोकांची ऑपरेशनं केली हायती." म्हणलं, "मग त्या लई लोकांना इचारून ये, बसून उठता येतं का म्हणावं." पुढं वर्षभरानं दुसऱ्या एका डॉक्टरनं एवढंच विचारलं, "एका बोटानं दाखवा, कुठं?" मी दाखवलं. त्यानं दाबलं आणि मी अशी ओरडले की बाहेरची नर्स आत आली. तो म्हणाला, नस अडकली असणार, टाक्यात नाहीतर जाळीत. इंजेक्शनं देऊन कमी करू, पूर्ण जाईल असं सांगत नाही. बरं वाटलं मला. ओरडले तेव्हा कळलं त्याला.

तुझ्या घरात हे चाललं नसतं. मी लहान आहे, चुलीपुढं बसलेय, तव्याला हात लागलाय आणि मी बोंब ठोकतेय. तू माझा हात पाण्यात बुडवतेस आणि म्हणतेस, "गप. बाईचा आवाज उंबऱ्याच्या भाईर गेला न्हाई पायजे." हात बरा झाला, ती गप मात्र लई दिवस तशीच राहिली. धाकटा भाऊ झाला तेव्हा मी दाराबाहेर बसले होते. आतून कसलाच आवाज नाही, एकदम लेकराचंच रडणं आलं. सुईण साऱ्या आळीला सांगत सुटली, "बाई असावी तर अशी! पदर दातात धरला तो सोडलाच न्हाई, शेजारणीला सुदिक पत्ता लागला न्हाई." आणि तू त्या शाबासकीवर किती दिवस खूश होतीस ते मला आठवतं. दुखलं किती, हे तुला कुणी विचारलं नाही, तूही सांगितलं नाहीस.

भूकंप झाला तेव्हा मी लोह्याला नवी सून होते. मालक मला घेऊन निघाले. पोचलो तर गावाच्या जागी दगडांचा ढीग, वरून पाऊस, माळवदाची माती भिजून आणखी जड झालेली. बाप आणि धाकटा शेतात जागलीला होते म्हणून वाचले. लोक ढिगांवर कान देऊन फिरत होते. "हाय का कुणी?" अशी हाक मारायचे, मग सगळे गप व्हायचे, आणि जिथून कण्हणं येईल तिथं खणायचे. शेजारची म्हातारी, जिला तू जन्मभर रडकी म्हणालीस, ती तिच्या किरकिरीमुळंच जिवंत बाहेर आली. आपल्या घरावर पण लोक उभे राहिले. मामानं नाव घेऊन हाका मारल्या. आवाज आला नाही, म्हणून पुढं गेले. तुला काढलं तेव्हा तुळई आडवी अंगावर होती आणि पदर दातात होता. मामा म्हणाला, धुळीसाठी धरला असंल. सगळ्यांनी तेच खरं मानलं. पण तो पदर तुझ्या तोंडातून मी ओढून काढलाय, माय. धुळीसाठी धरलेला पदर तसा चावलेला नसतो. तेव्हापासून माझा तुझ्यावर राग आहे, आणि तो मी सोडणार नाही.

म्हणून यंदा परीक्षेच्या तोंडावर क्लासचे एक सर मेसवर आले, तेव्हा मी ऐकलं नाही. माझी निम्मी पोरं त्यांनीच पाठवलेली. म्हणाले, "मावशी, तुमच्या हाताला चव आहे, त्यात वाद नाही. पण पोरं जेवायला बसतात अन् तुम्ही आत कण्हून राहिल्या. पालकांचे फोन येतात. परीक्षा होईपर्यंत जरा सहन करा."

"सहनच करून राहिले, सर. न्हाईतर ह्या भाकरी कोण थापती?"

"मग निदान आवाज तरी करू नका."

"आवाज काही बंद व्हायचा न्हाई. भाकरी बंद करायच्या का, ते सांगा."

मालक मागून खुणा करत होते. सर गेल्यावर म्हणाले, "तुला तोंड आवरता येत न्हाई. मेस बुडवशील अशानं." म्हणलं, "बुडली तर बुडू द्या. म्या न्हाई बुडत." सरांनी पोरं खरंच दुसरीकडं नेली. मालक अजून धुसफूस करतात, मी भाकऱ्या कमी थापते. राहिलेली पोरं वांड आहेत. एक रोज विचारतो, "मावशी, आज आवाज बारीक हाय, गोळी लागू पडली वाटतं?" मी म्हणते, "तुला देऊ का एक? तोंड बंद राहील." किनवटकडची एक पोरगी कधी बोलायची नाही, ताट अर्धं टाकून उठायची. एकदा मी जागेवरून उठताना कण्हले, तर ती आत आली, मला हात दिला आणि म्हणाली, "मावशी, मला घरी जायचंय. मला होत न्हाई हे." मी म्हणलं, "मग इथं माझ्या कानात काय सांगती? बापाला सांग. मोठ्यानं सांग." तिनं तिथंच उभी राहून फोन लावला, रडत, सगळ्या पोरांसमोर. बाप दुसऱ्या दिवशी आला आणि घेऊन गेला. मालक म्हणाले, गेला अजून एक डबा. जाऊ दे म्हणलं.

हे कागद पाठवायला जागा नाही. गाव दुसरीकडं वसवलं, जुन्या गावठाणात बाभळी माजल्यात, तिथं पोस्टमन काय करणार. पेटीत ठेवीन.

एक सांगायचं राहिलं. कण्हते म्हणून लिहिलं, पण काय म्हणून कण्हते ते लिहिलं नाही. सून म्हणते, देवाचं नाव घेत जा, तेवढंच पुण्य लागेल. नाही येत ते. कळ आली की "माय गं" येतं. जिनं गप बसवलं तिलाच हाक मारायची, ह्याचा आधी मला माझाच संताप यायचा. पण तोंडाला दुसरं काही येतच नाही. आता इंजेक्शनांनी थोडं बरं असतं, कधी कधी सकाळ सरते तरी कळ येत नाही. तरी पातेलं उतरवताना म्हणते. दुखत नसलं तरी म्हणते.