कोपऱ्यातली वलांडी

घिवली,
शिमग्याच्या आदल्या दिवशी

चंद्रकांता,

तू सालवडला खोली घेतलीस, कंपनीत लागलीस, एवढंच कानावर आलं. तरी दुपारी बोंबील वाळवायला बांबू-दोरीच्या वलांडीपाशी गेले की कोपऱ्यात तू पाठमोरी दिसतेस, बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवताना.

भाऊजी समुद्रात बुडाले आणि त्यानंतर तुझ्या बोंबलांना अळ्या पडायला लागल्या. "तिचा हात लागला की माल नासतो," हे घरात पहिल्यांदा मी बोलले. तुला वाटलं सासूबाई बोलल्या. मी तसंच वाटू दिलं.

यंदा मला राहवेना. तुझ्या कोपऱ्यात मी माझ्या हातांनी बोंबील टांगले. चौथ्या दिवशी अळ्या. पुन्हा टांगले, पुन्हा तेच. मग पदर सोडून आधी वाटेवर, नंतर कोपऱ्यात उभी राहिले. वाटेवर तो फडफडत होता, कोपऱ्यात हललासुद्धा नाही. बर्फाच्या फॅक्टरीची भिंत सगळा वारा अडवते गं. आणि तो कोपरा तुला आम्हीच दिला होता, बाराव्यानंतर. होडीवर जाणाऱ्यांच्या वाटेत विधवेची वलांडी नको म्हणून.

हे मी कुणाला सांगितलं नाही. सांगायचं तर पहिल्यांदा कोण बोललं तेही सांगावं लागेल.

माघात धाकटे भाऊजी तापाने गेले, रिद्धी एकटी पडली. काल सासूबाई म्हणाल्या, "रिद्धीला आता कोपऱ्यातली दे. वाटंवर बरं नाय." रिद्धी माझ्या तोंडाकडे बघत राहिली.

मी तिला म्हणाले, "चल, कोपऱ्यात दोरी बांधून देते."

तुझी मोठी जाऊ,
रंभा