बाबांच्या शर्टाची बटणं

६ जानेवारी, सोमवार

डिझाइनच्या वर्गात विजयकुमार सरांनी आज कोरी स्केचबुकं वाटली. "घरातल्या एका माणसाची एक तकलीफ निवडा. तिच्यावर कल्पना काढा. वाईट काढा, येड्या काढा, पण खोडरबर वापरायचं नाही."

खोडरबर नाही, म्हणजे माझी निम्मी कला गेली.

तकलीफ शोधायला लांब जायचं काम नव्हतं. दिवाळीनंतर बाबांना लकवा झाला. पाय सुधारला, जीभ सुधारली, उजव्या हाताची बोटं तेवढी नाहीत. शर्टाची बटणं आई लावून देते.

८ जानेवारी, बुधवार

पहिलं पान सुरेख आलं. सर म्हणाले, "फार छान. म्हणजे तू अजून विचार केलेला नाहीस."

११ जानेवारी, शनिवार

आता जिद्दीनं वाईट काढते आहे. बटणांऐवजी नाड्या, आकडे, वाळत घालायचे चिमटे. एका पानावर बाबांना वरून पोतं घातलं आणि गळ्याशी तोंड बांधून टाकलं. सरांना नेमकं तेच आवडलं.

बाबांना दाखवलं. त्यांनी वही डोळ्यांजवळ नेली.

"हा मी का?"

"व्हय."

"नाक बराबर आलंय."

बटणांबद्दल अवाक्षर नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

आईनं बाबांच्या हातावर तिळगूळ ठेवला. स्वतः.

हे मुद्दाम लिहून ठेवते. मामाच्या लग्नात मानपानावरून दोघांचं बिनसलं तेव्हा मी सातवीत होते. तेव्हापासून घरातलं सगळं बोलणं माझ्यामार्फत. "अनु, सांग त्यांना, पाणी तापलं." "अनु, विचार तिला, माझा चष्मा कुठं ठेवला." दोघं एकाच खोलीत, आणि मधे मी — टपालखातं.

पण बटणं लावायची तर समोर उभं राहावं लागतं. छातीशी उभं राहून निरोप कसा धाडणार? आधी आई नुसतं "मान वर करा" म्हणायची. मग हळदीच्या भावावर आली, मग शेजारच्यांच्या सुनेवर. आज तर हसली. काय बोलणं झालं ते ऐकू आलं नाही. टपालखातं बंद पडत चाललंय. कर्मचाऱ्याची तक्रार नाही.

१९ जानेवारी, रविवार

शिवकन्या माझ्या वर्गातली. काल तिच्या पर्सचं झाकण टक्कन मिटलं आणि मला सुचलं — लोहचुंबक! वरून बटणं दिसायची, आतून चुंबक. पानंच्या पानं भरली. या वेळी खोडरबराची आठवणही झाली नाही.

शिंपी सोनाजीमामांना चित्र दाखवलं. म्हणाले, "आमी जल्मभर काजं केली, अन् तू काजंच काढून टाकून राहिली व्हय?" पण शिवायला घेतलं.

२३ जानेवारी, गुरुवार

शर्ट आला. बाबांनी डाव्या हातानं, कोणाच्या मदतीशिवाय घातला. टक, टक, टक. सरांनी व्हिडिओ मागवला. माझं स्केचबुक प्रदर्शनात लावणार आहेत. शेरा — 'समस्या अचूक ओळखली.'

एकच दोष निघाला. लोखंडी कपाटाजवळून जाताना बाबा कपाटाला चिकटले.

बाबांनी माझी पाठ थोपटली. "हुशार आहे लेकरू." आई म्हणाली, "बरं झालं बाई," आणि आत गेली.

संध्याकाळी आतून आवाज आला, "अनु, सांग त्यांना, ताट वाढलंय."

मी सांगितलं. दुसरं काय करणार?

२५ जानेवारी, शनिवार

सकाळी घरात फक्त टक, टक, टक. आई देवपूजेत, बाबा पेपरात. बाबांना विचारलं, "शर्टात काही बदलायचं का?"

"न्हाई. एकदम बेस्ट आहे," ते म्हणाले. आवाज असा, जसं कोणी गेल्याचं सांगावं.

२६ जानेवारी, रविवार

झेंडावंदनाहून लवकर, मागच्या दारानं आले. आई देवळात गेली होती. नवा शर्ट खुंटीवर होता. बाबा ओसरीवर, अंगात जुना, काजांचा. उजव्या हाताच्या बोटांनी एकेक बटण लावत होते — सावकाश, पण न चुकता, पार गळ्यापर्यंत. मी दाराआड थांबले.

फाटक वाजलं, आई आली. बाबांनी घाईनं सगळी बटणं सोडली आणि हाक मारली, "अगं, जरा इकडं येतेस का?"