महालक्ष्म्यांच्या खोलीत मांजर

नंदनवन, नागपूर
२२ सप्टेंबर १९७५

ती. यमुताईच्या पायांशी,

अनंताचा नमस्कार. मान खाली आहे, ती केवळ नमस्कारापुरती नाही. भाऊजींचा गुडघा आता कसा आहे? इकडे आई, प्रेमिला, शामला सुखरूप आहेत. मांजराची तब्येत उत्तम आहे. पत्र त्याच्यामुळेच लिहितो आहे.

यंदा महालक्ष्म्यांना तुला येता आलं नाही. पण त्या आमच्याकडे स्वतः जेवून गेल्या ही बातमी यवतमाळपर्यंत पोचली असेलच. ताई, मांजर जेवलं.

दोष माझा. पानातली पोळी त्याला घालायची मला सवय आहे (तुपाशिवाय ते खात नाही, हे शिक्षणही माझंच). प्रेमिला रोज बजावायची, "माणसाचं खाऊ घालून राहिले तुम्ही त्याले. एक दिवस ताटावर येऊन बसन." नैवेद्य वाढला की खोली रिकामी आहे ना हे पाहून दार लावायचं काम घरच्या पुरुषाचं. मी पाहिलं. एका लक्ष्मीच्या पातळाखालून शेपटीचं टोक बाहेर आलं होतं. मला तो झालरीचा गोंडा वाटला. (चष्मा काढून ठेवला होता. दहा दिवस मी स्वतःला हेच कारण सांगतो आहे.)

अर्ध्या तासाने दार उघडलं. खीर संपलेली, पुरणपोळी अर्धी, आंबील तशीच (आंबील त्याला आवडत नाही). मला तिथेच सगळं कळलं. मी तोंड उघडणार तोच आई जमिनीवर डोकं टेकून रडू लागली आणि शेजारच्या शोभाताई ओरडल्या, "मायबाई वं, जेवून गेल्या!" उरलेली अर्धी पोळी तेरा जणांत प्रसाद म्हणून वाटली गेली. मीही खाल्ली.

एवढ्यावर भागलं असतं तर तुला लिहिलं नसतं. शामलाला सदर भागातल्या औषधांच्या दुकानातल्या गिरिधरशी लग्न करायचं आहे आणि तो आपल्या जातीचा नाही, हे तुला ठाऊक आहे. दोन वर्षं आईचं एकच उत्तर होतं, "लक्ष्म्या सोता येऊन जेवतील, तवा हो म्हणीन." त्या दिवशी डोळे पुसून ती शामलाला म्हणाली, "बोलाव त्या पोराले."

खरं सांगितलं तर लग्न मोडेल. नाही सांगितलं तर आईला फसवल्यासारखं होईल. गिरिधर चांगला मुलगा आहे, हे मला पहिल्यापासून माहीत होतं. पण दोन वर्षांत मी, थोरला भाऊ, शामलाच्या बाजूने एक वाक्य बोललो नाही. विषय निघाला की मी पानात मान घालायचो आणि मांजराला पोळी मोडून द्यायचो.

तुझा,
अनंत

ता. क. तू येऊन आईला सगळं सांग. तुझं ती ऐकेल. मला जमत नाही.

आणखी एक ता. क. वरचं रद्द समज. पाकीट चिकटवत होतो तेवढ्यात आई आली. "यमीले लिहून राहिला का? मांजराचं लिहिलं?" मी पाकीट उलटं करून ठेवलं. "ते आत होतं, मले माहीत होतं गा."

मी विचारलं, मग हाकललं काहून नाही?

"तू तर शामलासाठी काही बोलत नव्हता. किती वर्षं वाट पाहू?"

रविवारी गिरिधरच्या वडिलांकडे जाऊन मी बोलणी करायची, असं तिने ठरवलं आहे. ताई, शनिवारी कोणत्याही गाडीने ये. बोल तू. मी सोबत येईन.