मागच्या भिंतीवरचे स्पीकर

४ जानेवारी, शनिवार

तिसरी जोडीही परत गेली!

दुकानदार जितेंद्रभाई चांगला माणूस म्हणून चाललंय. पसंत पडेपर्यंत घरी लावून बघा म्हणतो. बाबांनी — माझ्या सासऱ्यांनी — ते अगदी मनावर घेतलंय. दोन स्टुलं मांडायची, सोफ्याच्या या बाजूला एक स्पीकर, त्या बाजूला एक. बाबा मध्ये बसणार, डोळे मिटणार. पंधरा मिनिटांनी — "मागून काय येत न्हाय." की पुन्हा खोक्यात भरा, थर्माकोल कोंबा, टेप लावा. थर्माकोलचे कण देवघरापर्यंत गेलेत.

मोठा टीव्ही पहिल्या दिवशी पसंत. समोरचे स्पीकर पहिल्या दिवशी पसंत. अडलंय ते मागच्या दोघांवर. बाबांच्या सत्तरीला धर्मेशने आतल्या खोलीत होम थिएटर करून द्यायचं कबूल केलं. नवरा कबूल करतो, खोकी मी भरते. दिवसभर शाळेत पाचवी ब, घरी हे. पाय दुखतायत.

६ जानेवारी, सोमवार

खोली दहा बाय नऊ. एका भिंतीला दार, एकीला खिडकी, एकीवर टीव्ही. सोफ्याला उरते चौथी भिंत. आणि चौथ्या भिंतीपलीकडे गुणवंतकाका.

बाबांचे सख्खे धाकटे भाऊ. मोरव्यातलं भाताचं शेत बिल्डरला दिलं, त्या बदल्यात दोघांना एकाच मजल्यावर शेजारी शेजारी घरं मिळाली. बाबांना बिल्डिंगला आपल्या आईचं नाव हवं होतं. बिल्डर म्हणाला, असल्या नावावर फ्लॅट खपत नाहीत. काकांनी न विचारता सही करून टाकली. गेटवर लागलं 'ब्लू ऑर्किड हाइट्स'. झाली त्याला सहा वर्षं. ते दोघे बोलत नाहीत, म्हणून आम्ही कोणीच कोणाशी बोलत नाही.

माझी लेक दिव्या पाच वर्षांची होईपर्यंत पलीकडच्या मंजुळाकाकींच्या मांडीवर वाढली. मी शाळेतून येईपर्यंत तिला भरवायच्या, न्हाऊ घालायच्या. आता अकरा वर्षांची झालीय. काकी लिफ्टमध्ये दिसल्या की चपलांकडे बघते. मी नाही शिकवलं तिला. आमचं बघून शिकली.

माझं एकच मागणं आहे. त्या भिंतीला ड्रिल लागू नये. नाहीतर उरलंसुरलंही संपेल.

९ जानेवारी, गुरुवार

दिव्याने विचारलं, "आजोबा, तुम्हाला आवाजातलं एवढं कसं कळतं?" आणि बाबा खुलले! तरुणपणी साऊंड सर्व्हिस होती म्हणे. हळदीला, बारशाला, पालीपासून गोडदेवपर्यंत भोंगे लावायला जायचे. एवढं मलाही माहीत होतं. पुढचं नव्हतं.

"मी मशीनवर बसायचो. मशीनवर बसल्याला मागचं कळत न्हाय. मंग एक मानूस मांडवाच्या पार मागं उभा रायचा, पंगती बसतात तिथं. त्यानं हात वर केला की आवाज वाढवायचा. डावा हात खाली पाडला की समजायचं डावा भोंगा मेला."

"कोण माणूस?"

"व्हता एक."

दिव्या माझ्याकडे बघायला लागली. मी मटार सोलत राहिले.

११ जानेवारी, शनिवार

दुकानात तीन तास. जितेंद्रभाईनेही हात टेकलेत, पण तोंडावर हसू कायम. "अंकल, रूम छोटा है. सोफा दीवार को चिपका है, पीछे जगह ही नहीं. आवाज घूमेगा कहाँ? छोटेवाले लो, दीवार पे, कान से एक हाथ ऊपर. नहीं तो सीलिंग में डालो."

सीलिंग! मी लगेच उचलून धरलं. भिंत वाचेल, धूळ बसणार नाही, दिसायलाही छान... जे जे सुचलं ते बोलले.

बाबा म्हणाले, "आवाज मागून यायला पायजे. डोक्यावरून न्हाय."

भिंतीवरचेच घेतले. पांढरे, टिफिनएवढे दोन. यांच्यासाठी महिना गेला!

निघताना मी जितेंद्रभाईला विचारलं, हे नीट चालतायत की नाही ते कळणार कसं? "भाभी, पीछेवाला चालू है तब समझता नहीं. बंद हुआ तो समझता है. वो भी किसी किसी को."

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगूळ चौथ्या मजल्यापर्यंत वाटला. शेजारी नाही.

१८ जानेवारी, शनिवार

उद्या मिस्त्री येणार. धर्मेशला म्हटलं, बाबांशी बोल. म्हणाला, तू बोल, तुझं ऐकतात. कोणी ऐकत नाही माझं! पण बोलले. "बाबा, भिंत दोघांची आहे. पलीकडे काका झोपतात. आजारातून उठलेत."

"भिंत माझी बी हाय."

झालं. विषय संपला.

गेल्या वर्षी काकांच्या छातीचं ऑपरेशन झालं, ते आम्हाला वॉचमनकडून कळलं. एका भिंतीचं अंतर, आणि वॉचमनकडून! काका घरी आले त्या दिवशी बाबा शहाळं घेऊन त्यांच्या दारापर्यंत गेले होते. दोन मिनिटं उभे राहिले आणि परत आले. मी किचनच्या दारातून बघत होते. शहाळं दिव्या प्यायली. कोणी काही बोललं नाही, मीसुद्धा नाही. मला स्वतःचाच राग येतो. सहा वर्षांत मी तरी एकदा बेल वाजवली का?

१९ जानेवारी, रविवार

चार भोकं पाडली. अख्खी बिल्डिंग हादरली असेल. मी दार किलकिलं करून पॅसेजमध्ये उभी होते — आता दार उघडेल, आता काकी येतील, काय वाट्टेल ते बोलतील. बोलू देत. तेवढं तरी बोलणं होईल!

दार उघडलं नाही. भांडायलासुद्धा आलं नाही कोणी.

२१ जानेवारी, मंगळवार

लिफ्टमध्ये काकी. मान कोणी आधी फिरवली, त्यांनी की मी, आठवत नाही.

२६ जानेवारी, रविवार

रोज संध्याकाळी सात ते आठ बाबांचं थिएटर. सिनेमा कुठला ते महत्त्वाचं नाही. मध्येच थांबवतात, कान देतात. "मागून काय येत न्हाय."

"येतोय की आजोबा!" दिव्या म्हणते. धर्मेशही म्हणतो. मला खरं तर काही कळत नाही. बाबांना डाव्या कानाने कमी ऐकू येतं. इतकी वर्षं भोंग्याशेजारी बसले, दुसरं काय होणार! हे सगळ्यांना माहीत आहे, बाबा सोडून.

एवढा खटाटोप केला आणि माणूस खूश नाही तो नाहीच. त्यांना नक्की काय ऐकायचंय?

३१ जानेवारी, शुक्रवार

सोफा भिंतीला इतका चिकटलाय की मागे हात जात नाही. लांब झाडू घालून फिरवला. ड्रिलची भुकटी अजून निघतेय. दमले.

१ फेब्रुवारी, शनिवार

जे नको होतं तेच झालं. सव्वासातला भिंतीवर ठक ठक ठक. पलीकडून. डाव्या कोपऱ्यात, स्पीकरच्या खाली. बाबांना नेमकं त्याच बाजूच्या कानाने कमी ऐकू येतं, त्यांना पत्ताच नाही. धर्मेशने गुपचूप आवाज कमी केला. पाच मिनिटांनी पुन्हा ठक ठक ठक.

"सुरू झालं यांचं," धर्मेश पुटपुटला.

बाबांना सांगायचं नाही असं ठरलं. या घरात न सांगायच्या गोष्टींत आणखी एक भर.

४ फेब्रुवारी, मंगळवार

रोज ठोकतायत. आवाज कमी केला की जास्तच जोरात! आज तर पार हळू केला होता, बाबा पुढे वाकून ऐकत होते. तरी ठक ठक. म्हणजे त्यांना आवाज नकोच आहे. आम्हीच नको आहोत. धर्मेश म्हणतो, सोसायटीत तक्रार जाणार, बघच तू. जाऊ दे. माझा जीव मेटाकुटीला आलाय. सकाळी पाचवी ब मध्ये एका मुलाने बेंच वाजवला तर मी केवढ्याने ओरडले त्याच्यावर! दोन वेळा सॉरी म्हटलं नंतर.

७ फेब्रुवारी, शुक्रवार

ठरलं. उद्या मी त्यांची बेल वाजवणार. धर्मेशला विचारणार नाही, बाबांना तर नाहीच. काय बोलायचं ते घोकून ठेवलंय — "काकी, आवाज बंद करते. पण मला आत तरी येऊ द्या." पुढचं त्यांच्यावर.

आरशासमोर दोनदा म्हणूनही बघितलं. हसू येतं. पंचेचाळीस मुलांचा वर्ग सांभाळते मी!

८ फेब्रुवारी, शनिवार

मी साडी बदलत होते आणि आमचीच बेल वाजली. दारात काका. केवढे वाळलेत! मी "आवाज बंद—" म्हणेपर्यंत माझ्या बाजूने आत शिरले, थेट खोलीत. बाबांसमोर उभे राहिले. डावा हात खाली पाडला.

"दादा, तुजा डावा मेलाय. आठ दिस भिंत ठोकतंय मी!"

सोफ्यामागची डाव्या स्पीकरची वायर निसटली होती. माझ्याच झाडूने. धर्मेशने ती बसवली. बाबा उठले, एकटेच सोफा ओढायला लागले. दीड फूट पुढे. मागे एक माणूस उभा राहील एवढी जागा झाली.

काका तिथे जाऊन उभे राहिले. बाबा टीव्हीकडे तोंड करून बसले, रिमोट हातात, मागे वळून न बघता. काकांनी हात वर केला.

बाबांना दिसणार कसा! दिव्याच ओरडली — "आजोबा, वाढवा म्हणतायत!"